गळके सील भंगारात टाकण्यापूर्वी

नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत पंपांच्या देखभालीचे काम करताना एक प्रकार वारंवार दिसतो: मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतून, म्हणजे शाफ्टभोवतून, द्रव बाहेर येऊ न देणारा भाग) गळू लागले की ते काढून भंगारात टाकले जाते, नवे बसवले जाते आणि तेही लवकरच गळते. मग महागडे सील मागवण्याचा विषय निघतो. माझ्या मते त्याआधी जुन्या सीलचे दोन्ही फेस, म्हणजे एकमेकांवर टेकून फिरणारे गुळगुळीत पृष्ठभाग, पुसून उजेडात पाहावेत, कारण दोष पुष्कळदा पंपात असतो आणि त्याची खूण फेसवर उमटलेली असते.

फिरत्या आणि स्थिर फेसमध्ये जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा द्रवाचा थर असतो व तोच वंगणाचे काम करतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना टाकीतली पातळी खाली गेली, किंवा सक्शनचा स्ट्रेनर (पंपात द्रव खेचणाऱ्या पाइपातली गाळणी) चोंदला, तर सील कोरडे चालते. दोहोंपैकी कार्बनचा फेस झपाट्याने झिजतो आणि समोरच्या कठीण फेसवर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक भेगा पडतात. अशा पंपात 'मजबूत' म्हणून दोन्ही फेस सिलिकॉन कार्बाइडचे घातले, तर दुखणे वाढतेच, कारण ही जोडी गाळ चांगला सोसते, पण कोरडे चालणे कार्बनपेक्षाही कमी सोसते.

रुंद फेसवर घासल्याचा पट्टा समोरच्या अरुंद फेसच्या रुंदीहून रुंद दिसला, तर शाफ्ट डोलत आहे असे समजावे आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) लावून बेअरिंग, कपलिंगचे अलाइनमेंट व पाइपचा ताण तपासावा.

ओ-रिंगबाबत (सीलमधल्या गोल रबरी कड्यांबाबत) तर फारच निष्काळजीपणा चालतो. ईपीडीएम या रबराची रिंग गरम पाण्यात आणि कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) टिकते, पण खनिज तेलात फुगते. व्हायटॉन या दुसऱ्या रबराची तेलात उत्तम, मात्र कॉस्टिकमध्ये खराब होते. दोन्ही काळ्या रंगाच्या मिळत असल्याने स्टोअरमध्ये सरमिसळ होते. त्यात ईपीडीएमची रिंग सहज सरकावी म्हणून फिटर नेहमीचे ग्रीस फासतो, म्हणजे तेलाचा पंप नसतानाही ती फुगण्याची सोय होते!

सीलला द्रव पुरवण्याच्या पाइपजोडणीच्या ठरावीक पद्धतींना 'प्लॅन' म्हणतात. प्लॅन ११मध्ये पंपातलाच द्रव सीलकडे वळवतात, त्यामुळे द्रवात गाळ असल्यास तेच गढूळ पाणी सीलकडे जाते. तिथे बाहेरून स्वच्छ पाणी देणारा प्लॅन ३२ बरा, अर्थात ते पाणी मूळ द्रवात मिसळलेले चालत असेल तर. उभ्या पंपात हवा नेमकी सीलजवळ अडकते, म्हणून सुरू करण्यापूर्वी व्हेंट (हवा सोडण्याची तोटी) उघडून ती पूर्ण जाऊ द्यावी.