आमची वाटचाल : रॅम आमचा होता, कचरा आमचा नव्हता

जहाज बघायला येणारा माणूस ब्रिजवर जातो, इंजिनरूममध्ये डोकावतो. स्टिअरिंग फ्लॅटमध्ये, म्हणजे रडर (सुकाणू) फिरवणारा स्टिअरिंग गिअर असतो त्या मागच्या खोलीत, कोणी फिरकत नाही. पण रडरने दगा दिला तर इंजिन कितीही चांगलं असून उपयोग नाही. 16 मार्च 1978 ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ 'अमोको कॅडिझ' या टँकरच्या स्टिअरिंग गिअरची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. जहाज खडकांवर गेलं आणि दोन लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात सांडलं. 10,000 ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या टँकरवर एका ठिकाणी बिघाड झाला तरी 45 सेकंदांत स्टिअरिंग परत मिळालं पाहिजे, हा नियम सोलास या जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात त्यानंतर आला. आमच्याकडे नवीन पोरगा आला की आधी ही हकीकत सांगतो आणि मगच पाना हातात देतो.

मी मरीन उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियरिंग मॅनेजर होतो. विंच, पंप, स्टिअरिंग गिअर, सगळ्यांची ड्रॉइंग माझ्या सहीने शॉपवर जायची. हुद्दा मोठा होता, पण सही केलेला जॉब चार वर्षांनी समुद्रात कसा चाललाय हे कळायला वाव नव्हता. ते कळावं म्हणून नोकरी सोडली आणि रॅम (तेलाच्या दाबाने सरकून रडर फिरवणारा दांडा), ग्लँड बुश (रॅम सिलिंडरमधून बाहेर येतो त्या तोंडाशी, म्हणजे ग्लँडमध्ये, बसणारी बाही), सिलिंडर यांची दुरुस्ती आणि नवीन बनावट असं आमचं छोटं वर्कशॉप उभं राहिलं.

पहिले भागीदार म्हणजे त्याच कंपनीतले जुने टर्नर. त्यांना सगळे आप्पा म्हणत. ग्राइंडिंग झालेला रॅम आप्पा त्याच दिवशी कधी मापू देत नसत. तो रात्रभर गार होऊ द्यायचा, सकाळी मायक्रोमीटरही त्याच्या शेजारी थोडा वेळ ठेवायचा, मग दोन्ही टोकांना आणि मध्ये, आडवं-उभं माप घ्यायचं. शेवटी नख लांबीच्या दिशेने फिरवून बघायचे. नख कुठे अडखळलं तर सर्व्हेयर यायच्या आधी जॉब पुन्हा मशिनवर. आज आमच्याकडे पृष्ठभागाचा खरखरीतपणा मोजणारं यंत्र आहे, तरी पोरं नख फिरवतात, आणि मी त्यांना अडवत नाही.

मधली वर्षं कामाची गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मग ते जहाज आलं. दोन रॅमच्या स्टिअरिंग गिअरचे क्रोम केलेले रॅम आणि ग्लँड बुश आमचे, नवीन पाइपलाइन आणि पंप दुसऱ्या फर्मकडे. त्या फर्मने आधी आमचंही काम मागितलं होतं आणि ते त्यांना मिळालं नव्हतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. ट्रायल उत्तम झाली. एका बाजूच्या 35 अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत रडर 28 सेकंदांत यायला हवा, तो त्याच्या बराच आत आला. काही महिन्यांनी ग्लँडमधून तेल गळू लागलं आणि रॅमवर ओरखडे दिसले. त्या फर्मने लगेच खापर आमच्या माथी फोडलं, "क्रोम निकृष्ट, सोलून निघालं." बंदरात ही बातमी आमच्या आधी पोचली. मालकांनी बिल अडवलं, हातातल्या ऑर्डरी रद्द झाल्या, बँकेचे फोन सुरू झाले. आप्पांनी आपला वाटा उचलायचा थांबवला आणि पोरांचे पगार आधी द्यायला लावले.

रॅम उतरवून आणला. ओरखडे सरळ, लांबीच्या दिशेने, एकमेकांना समांतर होते. क्रोम सुटतं तेव्हा पापुद्रे निघतात, कडा उचललेल्या दिसतात. इथे एकही कड उचललेली नव्हती. ग्लँडचं पॅकिंग पातीने उभं चिरलं. आत बारीक चमकते कण रुतलेले होते. आप्पांनी चुंबक नेला आणि ते टपाटप चिकटले. क्रोम चुंबकाला चिकटत नाही. भिंगाखाली कण गोल दिसत होते, म्हणजे वेल्डिंगचे शिंतोडे. नवीन पाइप वेल्ड करून फ्लशिंग न करताच, म्हणजे आतून तेल जोरात फिरवून कचरा धुऊन न काढताच, जोडले होते. आम्ही फोटो, तेलाचा नमुना आणि तो चुंबक असं सगळं मालकांच्या ऑफिसात मांडलं. त्यांनी मान हलवली. बिल फार उशिरा, तेही कापून दिलं.

"तुमची चूक नव्हती" असं लेखी आम्हाला कोणी दिलं नाही, ना मालकांनी, ना त्या फर्मने. ती फर्म आजही चालू आहे. ही गोष्ट मला अजून सलते आणि सलत राहील.

तग धरला तो जहाजांची देखभाल बघणाऱ्या एका सुपरिंटेंडेंटसाहेबांमुळे. ते पूर्वी चीफ इंजिनियर होते, तेव्हापासून आमचे सील वापरत. अफवा ऐकूनच ते वर्कशॉपवर आले, चिरलेलं पॅकिंग स्वतः हातात घेऊन पाहिलं आणि जाताना ड्रायडॉकमधल्या आपल्या जहाजाचे चारही रॅम आमच्याकडे पाठवायचं सांगून गेले. अट एकच होती, फ्लशिंगही आम्हीच करायचं. त्या कामाने वर्कशॉप वाचलं.

या धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो. पाइप दुसऱ्याने केले असले तरी फ्लशिंग तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. रॅम आणि पंप बाजूला काढून, तात्पुरता लूप जोडून, तेल गरम करून जोरात फिरवायचं, प्रत्येक वेल्डवर हातोडी ठोकत राहायची आणि फिल्टर स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. तेलाचा नमुना सीलबंद बाटलीत घ्या, बाटलीवर चीफची सही घ्या. चीफ मित्र असला तरी घ्या. कास्टिंगचं मटेरियल सर्टिफिकेट आणि क्लासच्या (जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) शिक्क्याचा फोटो जॉबच्या फाइलमध्ये ठेवा, मशिनवाल्याच्या भरवशावर सोडू नका.

आप्पा आता रोज येत नाहीत. मोठा रॅम ग्राइंडिंगला लागला की मात्र येतात. आमच्या कोटेशनमध्ये फ्लशिंगची ओळ सगळ्यात वर असते. ती काढा म्हणणारे भेटतात. त्यांचं काम आम्ही घेत नाही.