चार पावलं चालले, तरीही

दांडिया बाजारातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मुरगळलेले पाय नेहमीचेच. कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून माणूस लंगडत येतो, मी टेबलावर बसवते, तपासते. डिसेंबरातल्या त्या रविवारी मात्र टेबल नव्हतं. पावागडाच्या वाटेवरचा एक दगड होता.

बडोद्यातला धावणाऱ्यांचा एक गट गडावर सरावाला निघाला होता आणि त्यांनी मला सोबत नेलं होतं. बडोद्याहून गड सुमारे 50 किलोमीटर. चांपानेरच्या अंगाने चढायला लागलं की जुने दरवाजे लागतात, मग माची, आणि माचीच्या वर दूधिया तलावापर्यंत दगडी, खडी वाट. आजूबाजूच्या सपाटीतून हा डोंगर एकटाच उठलाय, त्यामुळे वरून नजर कुठे अडत नाही. खाली वडा तलावाचं पाणी, जामी मशिदीचे मिनार, आणि सकाळचं धुकं. 1484 मध्ये महमूद बेगड्याने गड घेतला, पुढे तो शिंद्यांकडे आला, हे आजोबा कालिकामातेच्या दर्शनाला जाताना दर वेळी सांगायचे. ही वाट माझ्या ओळखीची, लहानपणापासूनची.

चढताना कुणाला काही झालं नाही. चढ दमवतो, दुखापत उतारावर होते. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच त्याला शरीराचा भार धरून ठेवावा लागतो, त्यात तो लवकर थकतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे, पाऊल आत मुडपू न देणारे स्नायूही थकले की उशिरा साथ देतात. म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं, पावलं आखूड टाका, नजर दोन-तीन पावलं पुढे ठेवा, देखावा बघायचा तर थांबून बघा.

काका थांबले नाहीत. (गटात त्यांना सगळे काकाच म्हणतात, बँकेतून निवृत्त झालेत, आणि त्यांच्याइतकं नेमाने कुणी धावत नाही.) तलाव दिसला म्हणून मान वळवली आणि डावा पाय हलत्या दगडावर पडला. टाच उचललेली, सगळा भार चवड्यावर, आणि पाऊल बाहेरच्या कडेवर.

मी पोचले तेव्हा ते उभे होते. “काही नाही गं, मुरगळलाय. हे बघ, चालतो.” आणि खरंच चार पावलं चालून दाखवली. लंगडत, पण चालले.

“चालतायत म्हणजे मोडलेलं नाही,” बरोबरचा एकजण म्हणाला. “हळूहळू उतरवू.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते अर्धंच खरं आहे. घोट्याच्या दुखापतीत एक्स-रे कधी लागतो याचे साधे नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडले. चार पावलं टाकता येणं ही त्यातली एक कसोटी झाली. तिच्या जोडीला हाडावर ठरावीक जागी दाबून बघायचं असतं, आणि त्यातली एक जरी जागा दुखली, तरी चालता येत असो वा नसो, एक्स-रे काढायचा.

काकांना बसवलं, बूट मोजे हलकेच उतरवले. घोट्याची दोन्ही हाडं मागच्या कडेने टोकापर्यंत दाबली. दुखलं नाही. सूज तर जवळजवळ नव्हतीच. पायाच्या आतल्या बाजूचं होडीसारखं हाड, तेही ठीक. मग अंगठा बाहेरच्या कडेवरून सरकवत नेला. करंगळीकडून टाचेकडे येताना साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो, आपल्या कुणाच्याही पायाला तो बोटाने लागेल. तिथे अंगठा टेकला आणि काकांनी शेजारच्या मुलाचं मनगट धरलं. बोलले काही नाहीत. डिसेंबरच्या गारठ्यात कपाळावर घाम आला.

“काका, आता हा पाय जमिनीवर टेकवायचा नाही.”

“अगं, आत्ता चाललो की मी!”

करंगळीमागे पावलात जे लांब हाड असतं त्याच्या बुडाशी, उंचवट्याच्या जरा पुढे, एक पट्टा असा आहे जिथे रक्तपुरवठा कमी पडतो. तिथली मोड उशिरा जुळते, कधी जुळतच नाही. त्यावर भार टाकत गडावरून उतरणं मला मान्य नव्हतं. खात्री मलाही नव्हती. नुसत्या बोटाने मोड सिद्ध होत नाही, शंका घेता येते, एवढंच. पण त्या शंकेवर मी अडून बसले, आणि दोघांनी तोंडं वाकडी केली तरी हटले नाही. चटई दुमडून पावलाखालून पोटरीपर्यंत घेतली, वरून क्रेप बँडेज, मग रक्त बोटांपर्यंत पोचतंय ना ते बघायला अंगठ्याचं नख दाबून सोडलं. दोन सेकंदांत गुलाबी झालं. खाली उतरवण्यापेक्षा रोपवेचं वरचं स्टेशन जवळ होतं, म्हणून चार जणांनी आळीपाळीने हातांची बैठक करून त्यांना वर नेलं. तोंडं वाकडी करणाऱ्यांनीच सर्वांत जास्त उचललं.

रोपवेची वाट बघताना मी काकांना रॉबर्ट जोन्सची गोष्ट सांगितली. या मोडीचं वर्णन त्या सर्जनने 1902 मध्ये लिहिलं, आणि त्यात नाचताना मोडलेला त्याचा स्वतःचा पायही होता. काका पहिल्यांदाच हसले.

दुपारी बडोद्यात एक्स-रे झाला. बरोबर त्याच जागी, केसाएवढी आडवी रेघ. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, कुबड्या. सहा आठवड्यांनी रेघ अजून अंधूक दिसत होती म्हणून आणखी दोन आठवडे. धावणाऱ्या माणसाला हे किती जड जातं, ते मी त्यांच्या घरी व्यायाम करून घ्यायला जायचे तेव्हा बघत होते. बूट दाराशी पुसून ठेवलेले असायचे.

प्लास्टर निघाल्यावर ते क्लिनिकमध्ये आले. पोटरी बारीक झालेली, कातडी कोरडी. पाऊल हातात घेतलं, अंगठा बाहेरच्या कडेने सरकवत नेला आणि त्या जागी टेकवून दाबला.

“इथे?”

काकांनी डोळे मिटले होते. ते त्यांनी उघडले.

“नाही,” म्हणाले. “अजून जोरात दाब.”