उतार धरला की गाव लागतं, हे जिथे चालत नाही

सह्याद्रीत वाट चुकली तर काय करायचं, हे ठाण्याच्या ट्रेकरला पाठ असतं. सोंड धरायची, ढोरवाट शोधायची, ओढ्याच्या अंगाने खाली सरकायचं आणि कडा आडवा आला की मागे फिरायचं. कुठेतरी वाडी लागतेच. ऑस्ट्रियातल्या टोटेस गेबिर्गे या चुनखडीच्या पठारावर खुणांची वाट सोडून साडेचार किलोमीटर आडवं जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी हीच सवय मोडावी लागली. नावाचा अर्थच ‘मेलेले डोंगर’. तिथे ओढेच नाहीत.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवतं आणि भेगांतून थेट पोटात उतरतं. बाहेर येतं ते पार पायथ्याच्या झऱ्यांना. त्यामुळे वर दरी कोरायला पाणीच उरत नाही. उतार धरून गेलं तर चारही बाजूंनी बंद असलेल्या खळग्यात पोचतो. याला डोलाइन म्हणतात. काहींच्या तळाशी सप्टेंबरातही जुना बर्फ असतो आणि बर्फाखाली विहिरीसारखं भोक असू शकतं. म्हणून पहिला नियम: तळ टाळायचा, दोन खळग्यांमधल्या बांधावरून चालायचं.

हे बांध कागदी नकाशावर नीट दिसत नाहीत. आपल्याकडचा सर्वेक्षण विभागाचा नकाशा १:५०,००० चा. तिकडचा अल्पाइन क्लबचा १:२५,००० चा, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर. पण समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या फरकाने असल्या तर १२-१५ मीटर खोल खड्डा दोन रेषांच्या मध्ये सहज गडप होतो. इतक्या खोलीच्या खड्ड्यात माणूस उतरला की त्याला काहीच दिसत नाही. म्हणून लेसर मोजणीवरून केलेलं छायांकित भूरूप-चित्र घेतलं. त्यात खळगे देवीच्या व्रणांसारखे उठून दिसतात. ते १:१०,००० ला ए-थ्री कागदावर छापलं. झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर चित्र चार-पाच टक्के आकसतं आणि सगळी अंतरं खोटी ठरतात. दुकानातून बाहेर पडण्याआधी प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवून बघावी. १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर आले, तरच पैसे द्यावेत.

साडेचार किलोमीटरचे १७ टप्पे पाडले, सरासरी अडीचशे-पावणेतीनशे मीटरचे. प्रत्येक टप्प्याचा शेवट चुकणारच नाही अशा गोष्टीवर: लांबलचक भिंत, मोठ्या खळग्याची कड, खिंड. एकटा खडक कितीही देखणा असला तरी नको, तसे हजार असतात. कागदाच्या मागे पेन्सिलने चार रकाने केले: दिशा, अंतर, डाव्या हाताला काय दिसायला हवं आणि पुढे निघून गेलो तर कशावरून कळेल. चौथा रकाना सगळ्यात कामाचा ठरला.

होकायंत्राबाबत आपण इकडे निर्धास्त असतो. मुंबई-ठाण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ शून्य, त्यामुळे दुरुस्ती कोणी शिकतच नाही. ऑस्ट्रियात तो सुमारे साडेचार-पाच अंश पूर्वेला आहे. नकाशावरून घेतलेल्या दिशेतून तेवढे अंश वजा करायचे. ५ अंश विसरलो तर ५०० मीटरवर ४४ मीटरची चूक, म्हणजे भलत्याच खळग्याच्या काठावर हजर. दुसरी अडचण सुईची. उत्तरेकडे जावं तशी सुई जास्त झुकते. आपल्या अक्षांशासाठी तोललेली सुई तिकडे उत्तर टोकाने डबीच्या तळाला घासते आणि अडते. म्हणून जगभर चालणाऱ्या सुईचं होकायंत्र घ्यावं. एक सुखही आहे. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, खडकावर होकायंत्र टेकवलं तर सुई भरकटू शकते. चुनखडी याबाबतीत अगदी गरीब, सुई शांत राहते.

पावलं मोजायचा सराव खारघरच्या टेकडीवर केला, पावसाळ्यातली प्रवेशबंदी उठल्यावर. येऊर घराजवळ खरं, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं रान; परवानगीशिवाय आडवाटेला शिरायचं नसतं, शिवाय बिबट्याचा शेजार. डावा पाय पडला की एक, असं मोजायचं. सपाट रस्त्यावर १०० मीटरला माझी ६२ पावलं, खारघरच्या दगडगोट्यांत ७१. चुनखडीवर हाच आकडा ९५ ते ११० झाला, कारण पाय पडेल तिथे टाकता येत नाही. तिथे पोचल्यावर दोन ओळखीच्या खुणांमधलं अंतर चालून आकडा नव्याने बसवावा लागला.

पावसाने कापलेल्या खाचांना कारेन म्हणतात. मधल्या कडा विळीच्या पात्यासारख्या असतात. तोल गेला की हात आपसूक खाली जातो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले चामड्याचे हातमोजे नेले. लाडके हंटर शूज इथे नकोत, मऊ तळ एका दिवसात फाटतो; ताठ तळाचा, घोट्यापर्यंतचा बूट हवा. खाचांमधल्या भेगा काही ठिकाणी माणसाच्या उंचीपेक्षा खोल असतात आणि वर गवत झाकलेलं असतं. हिरवं दिसलं की आधी काठी टोचायची. पाणी प्रत्येकी ४ लिटर. एल्मझे तळ्याकाठच्या प्युरिंगर हटवर, म्हणजे ट्रेकरांच्या डोंगरी निवाऱ्यावर, साधारण १६४० मीटरवर, भरलं. पुढे थेंब नाही.

वेग ताशी ७०० मीटर पडला, विश्रांती धरून साडेसहा तास. बुटक्या पाइनचं जाळं लागलं की तोही नाही. आपली कारवी निदान वाकते. या पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने उताराच्या दिशेने लोळलेल्या असतात, त्यामुळे खालून वर जाणाऱ्याच्या छातीत घुसतात. २०० मीटरला तासभर जाऊ शकतो. लांबून वळसा बरा.

खळग्याला वळसा घालताना पलीकडच्या काठावरचा एक खडक नेमका हेरायचा, गोल फिरून तिथे पोचायचं आणि मागे वळून उलट दिशा तपासायची. एक खळगा डावीकडून तर पुढचा उजवीकडून घ्यावा. सतत एकाच बाजूने गेलो की चूक साठत जाते. जीपीएस मोकळ्या आकाशाखाली उत्तम चालतं, पण ते फक्त जागा सांगतं. पुढच्या दहा मीटरवर भेग आहे हे त्याला ठाऊक नसतं.

आणि धुकं. आपल्याकडे माणूस रानात गोल गोल फिरत राहिला की चकवा लागला म्हणतात. इथे तो भर दुपारी लागतो, कारण सगळीकडे सारखाच करडा दगड. शेजारच्या डाखस्टाइन पठारावर एप्रिल १९५४ मध्ये हाइलब्रॉनच्या शाळेचे १० विद्यार्थी आणि ३ शिक्षक बर्फाच्या वादळात वाट हरवून दगावले. आमचा नियम: ५० मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की एकाने दिसेल तिथवर पुढे जायचं, मागच्याने होकायंत्रावरून त्याला डावं-उजवं करून रेषेत आणायचं, मगच स्वतः पुढे सरकायचं. २० मीटरपलीकडचंही दिसेनासं झालं की बसायचं. परत फिरायची वेळ दुपारी १. निघताना हटच्या नोंदवहीत मार्ग लिहून ठेवला होता. संकटाची खूण म्हणजे मिनिटात ६ वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा. तिकडचा डोंगरी बचावाचा नंबर १४०.

एका सपाट पाटावर गायीच्या खुरांचे ठसे दिसतात, जोड्या-जोड्यांनी. ढोरवाट म्हणून पाय आपोआप तिकडे वळतो. ते मेगॅलोडॉन्ट नावाच्या शिंपल्यांचे जीवाश्म, वीस कोटी वर्षांपूर्वीचे. स्थानिकही त्यांना गायीची पावलंच म्हणतात.

शेवटचे दोन टप्पे मुद्दाम हळू घेतले. मातीतली पायवाट मळलेली दिसते, दगडावरची नाही. खुणांची वाट पायाखालून निघून गेली तरी कळत नाही. म्हणून वाटेच्या नेमक्या वळणावर नेम न धरता शंभर मीटर डावीकडे धरला, म्हणजे वाट लागली की उजवीकडेच वळायचं हे नक्की. सोळाव्या टप्प्यानंतर दर वीस पावलांवर थांबून दोन्ही बाजूंचे दगड न्याहाळले. चौथ्या थांब्याला एका धोंड्याच्या पलीकडच्या अंगाला लाल-पांढरा-लाल पट्टा होता. आम्ही आलो त्या बाजूने तो दिसतच नव्हता.