मार खाल्ला तिनं, घरही सोडलं तिनंच

पिंजऱ्यात झेब्रा फिंच पक्ष्यांच्या दोन जोड्या, एक वर, एक खाली. आज सकाळी खालच्या मादीच्या मानेवर टक्कल दिसलं. नखाएवढंच, पण पिसं पार उपटलेली, आतली गुलाबी कातडी आणि तिच्यावर रक्ताचा सुकलेला एक ठिपका. चहा ओट्यावर तसाच राहिला.

चार दिवस चाललंच होतं. खालचा नर काथ्या चोचीत धरून घरट्याच्या मटकीकडे निघाला की वरचा लालचोच्या सुटायचा, धागा हिसकायचा, आणि नर निसटला की सगळा राग हिच्यावर. मी आपली "ए, भांडू नका रे" करत बसले, झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्यांना माझं मराठी काय कळणार.

दुपारी छोट्या पिंजऱ्यात हलवलं. कोणाला? मार खाणाऱ्यांना. तेव्हापासून तिथेच अडकलेय. काढायचाच तर दादागिरी करणाऱ्याला काढावा हे माहितीये मला. पण वरच्यांची ५ अंडी आहेत, आज ९वा दिवस, १२-१४ दिवसांत पिल्लं येतात आणि नर-मादी आळीपाळीनं बसतात, त्याला उचलला असता तर ती एकटी किती पुरी पडणार. म्हणजे हिशोब बरोबर आहे. तरी घशाखाली उतरत नाहीये. ज्याची अंडी त्याचं घर, आणि जिला टोचलं तिनंच सामान उचलायचं. वाड्याच्या वेळी काकापण असंच काहीतरी म्हणाला होता... जाऊ दे.

आणि आग लावली कोणी, तर मीच. दुकानदारानं बजावलं होतं, एक जोडी ठेवा नाहीतर तीन-चार, दोन नको, दोन असल्या की एक दुसरीच्या हात धुऊन मागे लागते. मी ठेवल्या दोनच. कुंभारवाड्यातून मटक्याही मोजून दोनच आणल्या, आणि एक वर, एक खाली टांगली, का तर वर एकच हूक होता आणि तार शोधायचा कंटाळा. ह्यांना सगळ्यांनाच वरची जागा हवी असते, म्हणून मटक्या जोड्यांपेक्षा जास्त आणि सगळ्या एका उंचीवर टांगायच्या असतात. आळस माझा, टक्कल तिला.

संध्याकाळी धो धो पाऊस, भिडे पूल पाण्याखाली, हा उशिरा आला, त्याला सगळं सांगितलं तर बूट काढत म्हणतो, "मग वरच्याला काढ आणि अंडी तू उबव." मला हसूच आलं.

आता बघते तर वरचा जाळीला चिकटून पीं पीं करत छोट्या पिंजऱ्याकडे तोंड करून बसलाय, भांडायला कोणी उरलं नाही ना. आणि ही बया दाण्यांच्या वाटीत बूड टेकून बसलीये, निम्मे दाणे फरशीवर, नवरा पेपरचा फाटका कपटा आणून तिच्याभोवती खोचतोय. मटकीबिटकी काही नको. दाणे आता चहाच्या बशीत घातलेत, ती वाटी परत मागायला माझं तोंड नाही.