जीन्सवरचे ब्लीचचे ठिपके

भाचीच्या जीन्सवर उडालेल्या ब्लीचच्या ठिपक्यांचा बंदोबस्त करण्यात आजची दुपार गेली. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट जीन्सला निळेपणा देणाऱ्या इंडिगोचा रंगच नष्ट करते, त्यामुळे असा डाग कितीही धुतला तरी निघत नाही. शेजारच्या काकूंनी सुचवलेला व्हिनेगरचा उपाय मी ठामपणे नाकारला, कारण ब्लीचशी मिसळताच त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जळगावच्या फुले मार्केटमधून आणलेल्या फॅब्रिक मार्करच्या गडद आणि फिक्या निळ्या छटा, आधी शिवणीच्या आतल्या बाजूस तपासून, कडांकडे विरळ होत जातील अशा लावल्या, तेव्हा लहान ठिपके जवळजवळ दिसेनासे झाले. गुडघ्यावरचा मोठा पट्टा मात्र रंगाला दाद देईना. तिथे जुन्या डेनिमचे ठिगळ लावून भाचीने त्यावर केळीचे पान भरायला घेतले आहे, आणि केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या रावेरच्या मुलीला ते शोभेलही.