कोल्हापुरात काढलेले आणि देऊन आलेले फोटो

नोकरी लागल्यापासून मी रोज एक तरी फोटो काढते, फोनवरच, आणि तो कुठे टाकत नाही. पुण्यात रूम ते ऑफिस आणि ऑफिस ते रूम असं चाललेलं, मागचा आठवडा कसा गेला तेच आठवेना, म्हणून सुरू केलं आणि मग त्यात जीव अडकला. टपरीवरचा ओला बाक, बसच्या काचेवरचे बोटांचे ठसे, असलं काहीबाही. या नोव्हेंबरमध्ये किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या सोहळ्याच्या, तारखा बघून सुट्टी टाकली आणि कोल्हापूरला आत्याकडे गेले, शिवाजी पेठेत. स्वारगेटवरून एसटी, कऱ्हाड सोडलं की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत पुढे, आणि आपण त्यांच्या मागे.

आत्याने दारातच विचारलं, "आम्हाला भेटायला आलीस का फोटो काढायला?" म्हटलं दोन्ही. "मग सकाळी लवकर ऊठ, मी कट्ट्यावर जातो दूध आणायला, चल संगट."

गंगावेशीचा दूध कट्टा ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात. दूध कोमट, वर बोटभर फेस. तालमीतून आलेली पोरं, रिक्षावाले मामा, शाळेच्या ड्रेसमधला एक मुलगा, सगळे उभ्यानेच पितात. फोटोच्या दृष्टीने मात्र ही जागा फार अवघड आहे, कारण म्हैस काळीभोर, दूध पांढरं आणि उजेड अजून नीट फुटलेला नाही. फोनवर म्हशीवर टॅप केलं की दूध नुसता पांढरा डाग दिसतं आणि दुधावर टॅप केलं की म्हैस अंधारात गायब. शेवटी मी दोन्ही सोडून धार काढणाऱ्या काकांच्या हातावर फोकस लॉक केला, एक्सपोजर थोडं खाली ओढलं आणि धार चरवीत पडताना काढला. हाताच्या शिरा, बोटांवर उडालेला फेस, मागे म्हशीचं पोट म्हणजे नुसता काळा पडदा. मला स्वतःला खूप आवडला.

काका म्हणाले, "काढलासा न्हवं? दावा की."

दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "लई जण काढत्यात आमचा फोटो. आमच्याकडं एक बी न्हाई."

काका हे तक्रार म्हणून म्हणाले नव्हते, लगेच पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले सुद्धा. पण माझ्या डोक्यातून ते दिवसभर गेलं नाही. माझ्या फोनमध्ये किती माणसं आहेत ज्यांनी स्वतःचा फोटो बघितलेलाच नाही, भाजीवाल्या मावशी, आमच्या बिल्डिंगचे वॉचमन काका. मी माझे दिवस आठवावेत म्हणून त्यांना काढत होते, आणि ते बरोबरच आहे, पण फोटोत चेहरा तर त्यांचा आहे ना.

तिथून चालत रंकाळा तलावावर गेले. थंडीत सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि तलावातल्या संध्यामठाचा दगड त्यातून हळूहळू वर येतो. चित्रकार आबालाल रहिमान यांनी हाच रंकाळा परत परत रंगवला, वेगवेगळ्या वेळेचा, वेगवेगळ्या उजेडातला. मुंबईला जेजे कला महाविद्यालयात शिकलेला माणूस, शाहू महाराजांचा आश्रय मिळालेला, आणि इथल्या पाण्यासमोर तासन्‌तास बसायचा. एकाच जागेचा रोज फोटो काढला तर कंटाळा येईल असं मला वाटायचं, आता वाटत नाही.

दुपारी खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या सिनेमाच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ बघायला गेले, लोक गाडी वळवता वळवता त्याच्याकडे बघत पण नाहीत. बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री, नाटकाचे पडदे रंगवणारे. त्यांनी आणि आतेभाऊ आनंदरावांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला, 1916 मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं, मग बाबूरावांनी शिष्य दामल्यांना घेऊन 1918 साली तो पूर्ण केला. सुरुवातीचं शूटिंग तर उन्हाच्या भरवशावर, ढग आला की थांबायचं. मी एका मिनिटात वीस फोटो काढून एकोणीस डिलीट करते, तिथे उभं राहून मला या माणसांबद्दल इतका आदर वाटला की बराच वेळ फोन बाहेर काढावासाच वाटला नाही.

मग चप्पल लाइन. तिथे एक मामा दुकानाच्या पायरीवर बसून पट्टी विणत होते, चामड्याच्या बारीक वाद्या, तीन पदरी वेणी, प्रत्येक पेडाला ओढून घट्ट करायचं. बाजूला आरी, रापी, पाण्यात भिजत घातलेलं कातडं, आणि बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा तो वास. या वेळी मी आधी विचारलं, मामा काढू का, आणि प्रिंट आणून देते. ते म्हणाले, "काढ की, पण जरा पट्टी होऊ दे पुरी." मी थांबले. चहा आला, तो पण प्यायले. पट्टी पुरी झाल्यावर त्यांनी ती मांडीवर ठेवली, पाठ ताठ केली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. न सांगता चोरून काढलेल्या माझ्या कुठल्याच फोटोत माणूस असा दिसत नाही.

संध्याकाळी अंबाबाईला. देवळात फोटो काढायला बंदी आहे, फोन बंद करून पर्समध्ये. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असं करत गाभाऱ्याकडे सरकतात. किरणोत्सवाच्या तारखा नोव्हेंबरमध्ये 9, 10, 11 आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी रीत, पण ढग किंवा धूळ असली तर होत नाही, आणि समोरच्या रस्त्यावर काही वाढीव बांधलं गेलं तरी किरणं अडतात. आम्ही आवारात स्क्रीनसमोर उभे होतो. मला राहून राहून वाटत होतं की एवढ्या गजबजलेल्या गावाने एका उजेडासाठी सरळ रेषेत मोकळी वाट राखायची म्हणजे केवढी जबाबदारी आहे. किरणं चरणांपर्यंत पोचली तशी घंटा सुरू झाली, आत्याने हात जोडले आणि माझा पण हात धरून जोडायला लावला.

रात्री तांबडा-पांढरा झाला. त्याचा फोटो नाही, गरम रस्सा थांबत नसतो.

निघायच्या आदल्या दिवशी पेठेतल्याच एका स्टुडिओत प्रिंट काढल्या, मॅट पेपरवर, कारण ग्लॉसीवर हात लागला की ठसे उठतात आणि या प्रिंट हातात फिरणार होत्या. चप्पलवाल्या मामांनी प्रिंट उजेडाकडे धरली. मला वाटलं चेहरा बघतायत, तर म्हणाले, "ही डावीकडची वीण ढिली बसलीया बघ." मग आतून बायकोला हाक मारली, तिने पदराला हात पुसून प्रिंट घेतली, म्हणाली, "सरळ बसलाईसा की." दोघं हसले. प्रिंट गल्ल्यात गेली, नोटांच्या वर.

दूधवाले काका काही भेटले नाहीत, गावाकडे गेले होते. शेजारचे म्हणाले द्या, आम्ही देतो, पण मला ती त्यांच्याच हातात द्यायची आहे. पुण्यात आल्यावर मी वॉचमन काकांपासून सुरुवात केली आहे, जुन्या फोटोंतून एकेकाला शोधतेय. 31 जानेवारीला परत किरणोत्सव आहे, रजेचा मेल टाकून झालाय, आणि काकांची प्रिंट वहीत घालून ठेवली आहे म्हणजे दुमडायची नाही.