जाळीला उगाच बोल लावला

ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट म्हणजे आमच्या पुण्यातल्या छोट्या स्क्रीन प्रिंटिंग वर्कशॉपचा सीझन. गणपती महिन्यावर आलेले, बाहेर धो धो पाऊस, आणि एका पथकाची तीनशे पांढऱ्या टी-शर्टांची ऑर्डर. पाठीवर ढोल वाजवणाऱ्या मुलीचा फोटो, एकाच काळ्या रंगात. म्हणजे हाफटोन आला : करड्या छटा लहान-मोठ्या काळ्या ठिपक्यांतून दाखवायच्या. अक्षरं असती तर डोळे मिटून केलं असतं.

फाइल त्यांच्याच डिझायनरनं ठिपके पाडून पाठवली होती. ४५ लाइन (इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळी), ओळींचा कल साडेबावीस अंश, ६०० डीपीआय (इंचाला ६०० चौकटी, म्हणजे पिक्सेल). मी ती तशीच इंकजेटवर पारदर्शक फिल्मवर काढली, प्रकाशानं कडक होणारं कोटिंग लावलेल्या ९० नंबरच्या जाळीवर एक्सपोज केली, म्हणजे फिल्ममधून प्रकाश दिला; काळ्याखालचं कोटिंग मऊ राहून धुताना निघतं आणि तिथून शाई उतरते. मग ट्रायलचा एक हात मारला. ढोलाच्या पानावर, जिथं सपाट करडा हवा होता, तिथं चटईसारखी नक्षी!

नक्षी दिसली की आमच्या धंद्यात पहिला संशय जाळीवर. ठिपक्यांच्या ओळी आणि जाळीचे धागे एकमेकांना छेद देतात आणि हे होतं, हे शिकाऊ पोरगंही सांगेल. दुसऱ्या स्क्रीनवर फिल्म थोडी तिरकी लावली. नक्षी तीच. मग वाटलं, ठिपके धारदार नसतील. प्रिंटरच्या खोक्यावर ५७६० बाय १४४० असं झोकात छापलेलं. आपण वापरतोय स्टँडर्ड. सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ग्लॉसी फोटो पेपर निवडला, क्वालिटी सगळ्यात वरची केली.

ती फिल्म निघायला इतका वेळ लागला की मधे चहा झाला. हातात घेतली तर काळा भाग ओल्या डांबरासारखा चमकत होता. पावसाळी हवा, शाई वाळेना. घाई नडली. तशीच शाईची बाजू कोटिंगवर टेकवून काच दाबली. एक्सपोज करून उचलली तर अर्धी मुलगी स्क्रीनवर आणि अर्धी फिल्मवर. जी राहिली तिच्या केसांतली बारीक पांढरी भोकं शाईनं बुजून गेलेली. तिसरी स्क्रीन गेली.

आमचे काका चाळीस वर्षं स्क्रीन ओढतायत. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. त्यांनी पहिली फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, खिशातलं भिंग लावलं आणि म्हणाले, "अरे, जाळीला कशाला शिव्या देतोस? नक्षी इथंच आहे की."

होती. भिंगातून स्पष्ट दिसत होतं : गोल ठिपक्यांच्या कडा कुठं जाड, कुठं बारीक, आणि ते ठरावीक अंतरानं परत परत. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या एप्सनचं गणित ३६०, ७२०, १४४० असं चालतं. ६०० ची फाइल दिली की ड्रायव्हर ती ७२० वर ताणतो, म्हणजे पाच चौकटींच्या जागी सहा. काळं-पांढरं सोडून तिसरं काही नसलेल्या फाइलमध्ये सहावी चौकट आणायची कुठून? पाचातली एक दुप्पट होते. फोटोत हे कुणाला कळणार नाही. ठिपक्यांत लगेच कळतं.

डिझायनरकडून मूळ करडा फोटो मागवला आणि ठिपके स्वतः पाडले, ७२० वर. ४५ लाइनला एका ठिपक्याच्या घरात १६ गुणिले १६ चौकटी येतात, करड्याच्या छटा भरपूर. त्याहून वर जाण्यात अर्थ नव्हता. ९० च्या जाळीत सेंटीमीटरला नव्वद धागे, म्हणजे दोन धाग्यांत साधारण ०.११ मिलिमीटर, तेवढ्यात १४४० चे सहा बिंदू मावतात. जाळी जे धरूच शकत नाही ते फिल्मवर काढून कुणाला दाखवायचं?

क्वालिटी एक पायरी खाली आणली, कागद मॅट केला. आता भीती उलटी : काळा पातळ पडला तर अतिनील प्रकाश आरपार जातो, खालचं कोटिंग कडक होतं आणि धुताना भोकं उघडत नाहीत. अंधारात फिल्ममागे मोबाइलचा टॉर्च धरून पाहिलं. पुसट तपकिरी उजेड, बल्बचा आकार दिसत नाही. एवढं आमच्या एक्सपोजच्या ट्यूबांना चालतं. नुसत्या डोळ्यांवर विसंबलो नाही. एका जुन्या फ्रेमवर दोन, तीन, चार मिनिटं एक्सपोज केलेल्या पट्ट्या मारल्या. तीनला सगळ्यात लहान ठिपकाही धुऊन उघडला. खरी फिल्म हेअर ड्रायरनं वाळवली, बोट लावून पाहिलं, मगच काचेखाली.

ढोलाचं पान सपाट करडं आलं. काकांनी टी-शर्ट उजेडात धरला, भिंग लावलं, काही न बोलता खिशात ठेवलं आणि तीन वाया गेलेल्या फ्रेमांकडे बोट दाखवलं.

रात्री साडेदहापर्यंत मी ब्लीचिंग पावडरनं जाळ्या धूत होतो.